पश्चिमेची भिंत

जुन्नरमधल्या आमच्या शाळेच्या जुन्या इमारतीत मी सात वर्षे शिकलो आणि एकतीस वर्षे शिकवले. त्यांतली शेवटची नऊ वर्षे मी मुख्याध्यापक होतो. आता ती इमारत पाडायचे ठरले आहे. शाळेचे नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळेल.

इमारत पूर्वाभिमुख आहे. जोते कमरेइतके उंच, मानमोडी डोंगराच्या पायथ्याच्या खाणीतून काढलेल्या काळ्या दगडाचे. समोर सात कमानींचा व्हरांडा. मधली कमान बाकीच्या सहांपेक्षा दीड वीत रुंद आहे. ती पाहुण्यांसाठी आणि शिक्षकांसाठी. विद्यार्थ्यांनी बाजूच्या कमानींतून जायचे, हा नियम मी विद्यार्थी असताना होता आणि मुख्याध्यापक झाल्यावर मी तो चालू ठेवला. मधल्या कमानीतून धावत आलेल्या मुलाला दोन छड्या मिळत. एकदा नवीन आलेल्या मुलाला नियम ठाऊक नव्हता. त्यालाही दोनच मिळाल्या.

व्हरांड्यामागे सभागृह, आणि त्याच्या दोन्ही अंगांना वर्ग. छपराच्या कैच्या सागवानी आहेत, वर मंगलोरी कौले. खिडक्या उंच, खाली लाकडी झडपा, वर काचेचा अर्धगोल. खिडक्यांचे उंबरे इतके वर बसवले आहेत, की बाकावर बसलेल्या मुलाला बाहेरचे फक्त आकाश दिसते, रस्ता दिसत नाही आणि शिवनेरीही दिसत नाही. बांधणाऱ्याने हे जाणून केले असावे. बाहेर पाहणारे मूल शिकत नाही, असे त्या काळी मानत. मीही तसेच मानत आलो.

इमारतीतले सर्वांत विचारपूर्वक केलेले काम मात्र मागच्या बाजूला आहे, जिथे कोणी पाहत नाही. जुन्नरला पाऊस पश्चिमेकडून, घाटाच्या अंगाने येतो आणि भिंतीवर आडवा बसतो. म्हणून पश्चिमेच्या भिंतीला एकही खिडकी नाही, वर फक्त दोन झरोके आहेत. भिंत सव्वादोन हात जाड. आतून-बाहेरून घडीव दगड, मधल्या पोकळीत खडी आणि चुना यांची भर, आणि दर काही हातांवर दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारा एक आरपार लांब दगड. चुना शाळेच्या आवारातच मळला होता. चुना मळायच्या घाणीचा गोल चर आमच्या लहानपणापर्यंत दिसत असे. पश्चिमेच्या डोंगरांतून बाजाराला येणारा हिरडा विकत घ्यायचे, पाण्यात भिजवायचे आणि ते पाणी चुन्यात घालायचे, असे जुन्या माणसांकडून ऐकले आहे. त्या भिंतीने शंभरावर पावसाळे घेतले. तिला मी एका समारंभासाठी मारले.

माझ्या मुख्याध्यापकपदाच्या सातव्या वर्षी शाळेचा मोठा समारंभ ठरला. मोठे पाहुणे येणार होते. पश्चिमेच्या भिंतीचे सांधे तेव्हा उघडे पडले होते, त्यांतून पांढरी भुकटी गळत होती, आणि एका सांध्यात चिमण्यांनी घरटे केले होते. दुरुस्तीला चाळीस दिवस होते. डिंगोऱ्याहून एका गवंड्याला बोलावले. त्याच्या आजोबांची मेंढरे होती. वडिलांनी मेंढरे विकून थापी धरली. चुन्याचे काम जाणणारे या भागात तेव्हा हे बापलेकच उरले होते, आणि त्यांतला बाप वारला होता. हा पन्नाशीचा होता, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान.

त्याने भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरी मारली. मग म्हणाला, "सर, हिला काय झालं न्हाई. सांधं खरवडून चुना भरू. दोन महिनं द्या. चुना भिजाय लागतो. हिरडा मी आणतो."

मी म्हणालो, "चाळीस दिवस आहेत. सिमेंट मार."

"सिमिट नगा, सर. ही पावसात पाणी पिती आन् उन्हाळ्यात सोडती. सिमिट लावलं की सोडायची वाट बंद. आतल्या आत कुजल."

"दगड कुजतो का रे?"

"दगूड न्हाई कुजत. चुना कुजतो."

हे त्याचे पहिले नको. दुसऱ्यांदा तो माझ्या कार्यालयात येऊन म्हणाला. तेव्हा मी वर पाहिले नाही. तिसऱ्यांदा पोती उतरल्यावर. सकाळी शाळेत आलो तर तो पोत्यांशेजारी जमिनीवर बसला होता आणि एकही पोते उघडले नव्हते. शिक्षकवर्ग व्हरांड्यात उभा होता. त्यांच्यादेखत मी विचारले, "तू किती शिकलास?"

"तिसरी, सर."

"मग तू थापी चालव. विचार करायला शाळेत माणसे आहेत."

शिक्षक हसले. तो उठला आणि त्याने पोते उघडले. अकरा दिवस काम केले, आणि काम चांगले केले. नको असलेले काम त्याने जितके नीट केले, तितके नीट मी फार थोड्यांना हवे असलेले करताना पाहिले आहे. भिंत आतून-बाहेरून पाटीसारखी गुळगुळीत झाली. पाहुण्यांनी तिच्यावर हात फिरवला. समारंभाला गवंड्याला बोलावले नव्हते. स्मरणिकेत मी लिहिले, "पश्चिमेच्या भिंतीचे पक्के काम करून घेतले."

या गोष्टीला बावीस वर्षे झाली.

गेल्या पावसाळ्यानंतर त्या भिंतीला लागून असलेल्या प्रयोगशाळेत सिमेंटची एक मोठी खपली सुटली आणि तिने एक बाक मोडले. वर्ग तेव्हा मैदानात होता. भिंतीला मध्यावर पोट आले होते. पुण्याहून एक तरुण अभियंता आला. त्याने लहान हातोडीने ठोकून पाहिले, दोन ठिकाणी सिमेंट फोडले आणि आत हात घातला. बाहेर काढला तेव्हा मुठीत ओला लगदा होता. मी तिथे उभा होतो. तो चुना होता. अहवालात त्याने लिहिले, की मागील दुरुस्ती अशास्त्रीय पद्धतीने झाल्यामुळे भिंतीतील ओलावा अडकून राहिला, आतील चुना नष्ट झाला, आणि इमारत वापरास धोकादायक आहे. अहवालात कोणाचेही नाव नव्हते.

नाव माजी विद्यार्थ्यांनी पुरवले. त्यांचा व्हॉट्सॲपवर ग्रूप आहे, आणि मी त्यात आहे. कोणीतरी विचारले, काम कोणी केले होते? कोणीतरी उत्तर दिले, डिंगोऱ्याच्या एका गवंड्याने. आठवड्याभरात सगळे ठरून गेले. तिसरी पास माणसाच्या हातात शंभर वर्षांची वास्तू दिली, असे एकाने लिहिले. त्याची तिसरी त्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या कोणाच्या तरी लक्षात राहिली असावी. दुसऱ्याने लिहिले, ह्याला शाळेच्या फाटकाला बांधा. त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. हे सगळे माझ्या हाताखालून गेलेले होते. मी वाचत होतो आणि काही लिहिले नाही.

गवंड्याचा मुलगाही गवंडी आहे, दगडाचे काम करतो. डिंगोऱ्याजवळच्या एका वाडीत मंदिराला दगडी सभामंडप बांधायचा होता, आणि ते काम त्याला मिळाल्यात जमा होते. ग्रूपवरचे बोलणे तिथे पोचले. मंदिराच्या कमिटीतला एक जण म्हणाला, "ज्याच्या बापानं शाळा पाडली त्याच्या हातात देव कसा द्यायचा?" हे मला गवंड्यानेच सांगितले.

तो माझ्या घरी आला होता. मी खुर्ची दाखवली नाही. तो पायरीवर बसला. बावीस वर्षांत मी त्याला पाहिले नव्हते. पाठीत वाकला होता, दाढी पांढरी झाली होती. हात तेच होते.

"सर, माझं सोडा. मला आता कोन काम देतंय. पोराचं काम चाल्लंय ओ हातचं."

"मी काय करू?"

"रयवारी शाळंत सभा हाय. तुमी बोलणार हाय असं ऐकलं. येकच वाक्य बोला. सिमिट तुमी सांगितलं व्हतं, आन् मी नको म्हनलो व्हतो."

"ही दोन वाक्ये झाली."

तो थोडा हसला. मी विनोद केला असे त्याला वाटले. "मग दोन बोला, सर."

"पाहू," मी म्हणालो. तो उठला, चपला पायांत घातल्या आणि पुन्हा म्हणाला, "तुमी बोल्ला की संपलं. तुमचा शबुद कोन मोडतंय?"

सभा इमारतीचे पुढे काय करायचे यासाठी होती, आणि धोका असूनही सभागृहातच झाली. माझा विषय होता इमारतीचा इतिहास. मी चाळीस मिनिटे बोललो. सात कमानी सांगितल्या, जोते सांगितले, सागवानी कैच्यांतले लाकडी खुंटे, झरोक्यांची उंची, आवारातली घाणी आणि हिरडा. तरुण मुले फोनवर ध्वनिमुद्रण करत होती. मग पश्चिमेच्या भिंतीपाशी आलो. वाक्य तयार होते. तोंडातून निघाले ते असे, "काळाच्या ओघात ही भिंत खचली." आणि मी बसलो.

संस्थेचा चिटणीस माझा विद्यार्थी आहे. तो उठून म्हणाला, "सर मोठ्या मनाने बोलले. पण काळाला कशाला दोष द्यायचा? कामच बोगस होतं."

मागच्या रांगेत गवंडी उभा राहिला. तो बाजूच्या कमानीतून आला असावा; मी त्याला येताना पाहिले नव्हते.

"मी येक बोलू का?"

"बोला, बोला, आर्किटेक्ट साहेब," कोणीतरी म्हणाले. सभागृहात हशा पिकला.

"लई टाइम नाय घेत. सर, तुमीच सांगा. तुमाला ठावं हाय."

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "खाली बस."

त्या सभागृहात हे दोन शब्द मी एकतीस वर्षे उच्चारले, आणि ते ऐकून न बसलेला कोणी मला आठवत नाही. तोही बसला. त्याचे वय बहात्तर होते. चिटणीसाने पुढचा विषय घेतला.

चार दिवसांनी मी पत्र लिहिले. मनाला टोचणी लागली वगैरे लिहिणार नाही. आयुष्यभर इतरांच्या वाक्यांतल्या चुका काढल्या. माझे एक वाक्य चुकीचे उभे होते, आणि ते पाहवत नव्हते, इतकेच. एसटीने डिंगोऱ्याला गेलो. फाट्यावर उतरून विचारत घर काढले. ओट्यावर मुलगा छिन्नीला धार लावत होता. गवंडी आत खाटेवर होता. मी पत्र मुलाच्या हातात दिले. त्याने हात पुसले आणि उभ्यानेच वाचले. मग पुन्हा वाचले.

"सर, ह्यात लिव्हलंय, 'त्या वेळी सर्वानुमते सिमेंट वापरण्याचा निर्णय झाला.' सर्व म्हंजी कोन?"

मी पत्र परत घ्यायला हात पुढे केला.

"बाबा तीन डाव नको म्हनलं व्हते. ते सर्वांत बसत न्हाईत का?"

आतून गवंडी म्हणाला, "आरं, सरांना बसाय दे आधी."

"बसत्याल ना. बसूनच लिव्हायचंय."

त्याने पत्र्याची पेटी पुढे ओढली आणि वर मुलीच्या वहीतला कोरा कागद ठेवला. मी लिहिले. त्याने वाचले. "'माझ्या सूचनेवरून.' सूचना नव्हती, सर. हुकूम व्हता. आन् आदल्या वाक्यात 'वेळेअभावी' कशापायी? वेळ का नव्हता ते लिव्हा. पावणं येणार व्हतं म्हनून."

मी तिसऱ्यांदा लिहायला घेतले. माझा हात अलीकडे थोडा कापतो. गवंडी खाटेवरून उठून दाराशी आला होता. तो मुलाला म्हणाला, "राहू दे रं. सरांचा हात कापतोय."

मुलगा म्हणाला, "कापू दे."

तिसऱ्या कागदावर होते ते असे. सिमेंट लावण्याचा हुकूम माझा होता. समारंभाला पाहुणे येणार होते, म्हणून चुन्याला लागणारे दोन महिने मी दिले नाहीत. गवंड्याने तीन वेळा स्पष्ट नकार दिला. मी शिक्षकांसमोर त्याचा अपमान करून काम करून घेतले. भिंत खचण्याला मी जबाबदार आहे, तो नाही. खाली सही. मुलाने दोनदा वाचले आणि मान हलवली. मी चुकीची उत्तरपत्रिका परत देताना जशी हलवत असे, तशी नव्हे. पास केल्यासारखी हलवली. चहा आला. मी घेतला. परतीच्या एसटीत उभे राहावे लागले.

मुलाने पत्राचा फोटो काढून एका ओळखीच्याकडून ग्रूपवर टाकला. पहिले उत्तर पाच मिनिटांत आले, "असे गुरू आता होणे नाही." मग जोडलेल्या हातांच्या रांगा. एकाने लिहिले, "एका गरीब गवंड्याची अब्रू राखायला सरांनी दोष स्वतःच्या अंगावर घेतला. ह्याला म्हणतात संस्कार." ते वाक्य पुढे चाळीस-पन्नास जणांनी उचलले. फाटकाला बांधा म्हणणाऱ्यानेही उचलले.

संध्याकाळी चिटणीसाचा फोन आला. "सर, डोळ्यांत पाणी आलं हो. पण तुम्ही असं करायला नको होतं."

"मी लिहिले ते खरे आहे."

"हो, हो, सर."

"शब्दशः खरे आहे. हुकूम माझा होता."

"हेच तर तुमचं मोठेपण, सर. आम्हाला माहीत आहे काय झालं ते. तुम्ही काळजी करू नका, त्याला आता कोणी काही म्हणणार नाही. तुमच्याकडे बघून सोडून देऊ."

मी स्वतः ग्रूपवर लिहिले, की हे मोठेपण नाही, ही वस्तुस्थिती आहे. त्यालाही हात जोडले गेले. "नम्रता बघा," असे एकाने लिहिले. त्याला मी चार वर्षे मराठी शिकवले होते.

मंदिराच्या कमिटीतही पत्र गेले. तिथे त्याचा अर्थ आणखी सोपा लागला. गवंडी सरांच्या पाया पडला असेल, सरांना दया आली असेल. आता सरांसारख्या म्हाताऱ्या माणसाला दुसऱ्यासाठी खोटे बोलावे लागले म्हणजे काम किती वाईट असेल. सभामंडपाचे काम पिंपरी पेंढारच्या दुसऱ्या गवंड्याला गेले.

इमारतीच्या निरोपाचा कार्यक्रम ठेवला गेला. मला शाल घालायचे ठरले होते. शाल नाकारून मी माइक मागितला. पत्रातला मजकूर मी उभा राहून क्रमाने सांगितला. हुकूम, पाहुणे, तीन नकार, व्हरांड्यातला अपमान. आणि "खाली बस"ही सांगितले. आवाज मी वर्गात लावत असे तसा लावला. सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेले. मी थांबल्यावर सभागृह उठून उभे राहिले आणि टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या रांगेत एक बाई डोळे पुसत होती. चिटणीसाने शाल माझ्या खांद्यांवर घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंड्याच्या मुलाचा फोन आला. कार्यक्रमाचे चित्रण त्याच्यापर्यंत गेले होते.

"सर, आता परत बोलू नका."

"मी खरे तेच बोललो."

"ते मला ठावं हाय. पर दर डावाला तुमी मोठं होता आन् बाबा बारीक होत्यात. काल इथं येक जण बाबांना म्हनला, सरांचे उपकार इसरू नको."

"तुझे वडील काय म्हणाले?"

"काय म्हनत्याल? व्हय म्हनले."

पलीकडे दगड कापायच्या मशिनचा आवाज चालू झाला आणि तो काय म्हणाला ते मला नीट ऐकू आले नाही. मशिन थांबल्यावर तो म्हणाला, की तो आता नारायणगावला एका इमारतीवर कामाला जातो. काँक्रीट ओततो, दगड नाही.

"मग मी काय करावे, असे तुझे म्हणणे आहे?"

"काय बी करू नका, सर. तुमी लई केलं."

त्याने फोन ठेवला. शाळा पाडायला पश्चिमेकडून सुरुवात होणार आहे. तिकडे यंत्र उभे करायला जागा आहे.